डोंगराचा जबाब

"जन्मभर दर्याच दाखवलात, एकदा डोंगर तरी दाखवा," असं हफीजानं टुमणं लावलं. म्हणून त्रेपन्न सालच्या श्रावणात, गलबत किनाऱ्यावर ओढलेलं असताना, वजीर तांडेल बायकोला आंबा घाट बघायला घेऊन निघाला.

साखरप्याच्या पुढे मोटार घाट चढू लागली आणि धुक्यात शिरली. भर तुफानात सुकाणू न सोडणाऱ्या वजीरनं दोन्ही हातांनी पुढचा बाक घट्ट धरला. डाव्या हाताला दरी होती म्हणे, पण ती दिसतच नव्हती, आणि त्यामुळेच त्याची पाचावर धारण बसली होती. ड्रायव्हर प्रत्येक वळणावर भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा. दर वेळी, घडीभरानं, धुक्यातून तसाच आवाज यायचा.

"अरे, थांबव मोटार!" वजीर ओरडला. "समोरून कोणतरी जबाब देतोय!"

दर्यावरच्या धुक्यात भोंग्याला जबाब आला, की समोर दुसरं जहाज आहे, एवढंच त्याला ठाऊक.

सगळी मोटार हसली. हफीजानंही तोंडाला पदर लावला.

"चाचा, कोण नाय समोर," ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला. "आपलाच आवाज डोंगर परत देतो. बसा गप."

वजीर ओशाळला. जीव मुठीत धरून तो ड्रायव्हरच्या हातांकडे बघत राहिला.



पुढच्या वळणावर भोंगा अगदी जवळ वाजला, तेव्हा ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.