सीड

समीक्षा फोनवर मैत्रिणीला टोरंटवरून सिनेमाची चोरटी फाइल कशी उतरवायची ते शिकवत होती. "ज्याचे सीड जास्त, तेच घे. तुह्यं काम झालं म्हणून लगेच बंद नको करू, दुसऱ्यालेही सीड देत राह्य. अन् सांभाळून कर, धरलं तं लय महागात पडते."

शेतातून आलेले तिचे बाबा, पुंडलिकराव, दारातच थबकले. "कोणाजवळ कोणतं सीड हाय, हे सरकारले समजते काय?" त्यांनी विचारलं.

"समजते ना बाबा. पत्ता उघडाच असते त्यात. अमेरिकेतल्या माणसालेही घरबसल्या दिसते."

पुंडलिकराव चौकट धरून खाली बसले.


"मंग कुटाराच्या ढिगाखाली लपवलेलं आपलं बंदीचं चोर बीटी कपाशीचं बियाणंही दिसत असन, पोरी."