अकरा जुलैचा रकाना

२०२४ सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. खडवली स्टेशनपासून सहा किलोमीटर आत असलेल्या दोनशिक्षकी शाळेत गटशिक्षणाधिकारी हेमा प्रधान खुर्चीवर बसल्या. त्यांनी पर्समधून कारणे दाखवा नोटीस काढून टेबलावर ठेवली.

"वाचा, मेघनाबाई. आठ दिवसांत खुलासा हवा. पटला नाही तर मुख्याध्यापकपद काढून घेतील. वरून आलंय."

मेघना गायकवाडने नोटीस वाचली. 'आनंदी शाळा' उपक्रमात तालुक्यातल्या एकशेएकवीस शाळा रोज सकाळी अकराच्या आत मोबाइलवर एक तक्ता भरत. मुले, शिक्षक, अधिकारी, प्रत्येकाला एक रकाना: आनंदी किंवा नाही. अधिकाऱ्यांनी आपला रकाना स्वतः भरायचा. जूनपासून एकशेवीस शाळा रोज शंभर टक्के आनंदी होत्या. ही एकच शाळा रोज दोन-चार 'नाही' पाठवी. तिच्यामुळे तालुक्याचा पहिला नंबर हुकत होता.

"अहो बाई, सगळ्यांसारखं 'आनंदी'वर बोट दाबायचं नि मोकळं व्हायचं," बरोबर आलेले विस्तार अधिकारी विश्राम साठे म्हणाले. "इतक्या आत कोण बघायला येतंय?"

"आलात की तुम्ही, सर."

हेमाबाई हसल्या. हे हसू जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचे होते. 'अधिकारी आनंदी तर शाळा आनंदी' हे व्याख्यान त्या प्रत्येक प्रशिक्षणात देत. गेल्या वर्षी त्यांचे पती मुकुल गेले. चौदाव्या दिवशी त्या कामावर आल्या, पंधराव्या दिवशी तेच व्याख्यान त्याच हसऱ्या चेहऱ्याने दिले. लोकांनी फार कौतुक केले. टेंभी नाक्यावरच्या घरी त्या अजून दोन कप चहा करत. एक ओतून देत, दुसरा पीत. साखर घातली होती की नाही, हे पिऊनही कळत नसे. रडू येत नसे. काहीच येत नसे.

परिपाठ संपला. मुले रांगेने वर्गात येऊ लागली. दाराशी एक सूप होते आणि शेजारी वाडग्यात चिंचोके, एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. कल्याणच्या चाळीत मेघना आजीबरोबर असे चिंचोके खेळात दान टाकायला वापरायची. इथे मात्र ते टाकायचे नव्हते, ठेवायचे होते. बरे वाटत असेल तर पांढरी बाजू वर, नसेल तर काळी. का, ते कोणी विचारायचे नाही. काळा ठेवणाऱ्याला त्या दिवशी फळ्यापुढे उभे करायचे नाही आणि मधल्या सुट्टीत बाईंनी त्याच्या शेजारी बसून जेवायचे. एवढाच नियम. सुपात जे दिसेल तेच तक्त्यात जाई.

त्या दिवशी सुपात तीन काळे होते. खिचडी शिजवणाऱ्या रखमाबाईने पदराला हात पुसून आपला पांढरा ठेवला आणि वाडगा हेमाबाईंपुढे धरला.

"ठेवा, मॅडम. पाव्हण्यांना पण सुटका नाही हितं."

हेमाबाईंनी चिंचोका उचलला आणि न बघता ठेवला. पांढरी बाजू वर.

रखमाबाईने त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले. "माझा मालक गेला तवा मी पण तीन महिनं पांढराच ठेवत होते," ती म्हणाली. "बाई कधी खोटा म्हनल्या नाहीत. पन माझ्याशेजारी जेवायला पण बसल्या नाहीत."

विश्राम साठे घड्याळाकडे बघू लागले. हेमाबाई सुपाशी वाकल्या. मग एका बोटाने आपला चिंचोका उलटा केला.

मधल्या सुट्टीत मेघना ताट घेऊन त्या तीन मुलांच्या घोळक्यात आली आणि हेमाबाईंच्या शेजारी बसली. दोघी जेवू लागल्या.

"मीठ जास्त झालंय," हेमाबाई म्हणाल्या, आणि घास हातात धरून तशाच बसून राहिल्या. मीठ कळले होते.

निघताना त्यांनी टेबलावरची नोटीस घडी घालून परत पर्समध्ये ठेवली.

"मॅडम, वर काय सांगायचं?" गाडीत विश्राम साठ्यांनी विचारले.

"मी सांगेन. तक्त्यातली मागची नोंद माझ्या पासवर्डने बदलते ना?"

माजिवड्याचा पूल यायच्या आत त्यांनी एक नोंद बदलली. फक्त एक.

मेघना अजून त्याच शाळेवर मुख्याध्यापिका आहे. रखमाबाई गेल्या वर्षी लेकीकडे राहायला गेली, सूप मात्र शाळेला देऊन गेली. विश्राम साठे निवृत्त होऊन डोंबिवलीत असतात. नोटीस बजावलीच नाही हे त्यांनी शेवटपर्यंत वर कळू दिले नाही. मार्चमध्ये हेमाबाईंनी स्वतःच्या रकान्यात रोज खरे तेच भरायला सुरुवात केली. महिन्याभरात चाळीसएक शाळा 'नाही' लिहू लागल्या, आणि तालुका शेवटच्या नंबरावर गेला. त्याच महिन्यात कितीतरी मुख्याध्यापकांनी हेमाबाईंना पहिल्यांदाच आपणहून फोन केले, नुसते बोलायला. पुढच्या वर्षी उपक्रम बंद पडला.

हेमाबाईंना मात्र नोटीस आली. ११ जुलै २०२३ रोजी 'अधिकारी' रकान्यात स्वतः भरलेली 'आनंदी' ही नोंद सात महिन्यांनी 'नाही' अशी का बदलली, याचा खुलासा मागवला होता. त्यांच्या अक्षरातले उत्तर अजून फाइलमध्ये आहे: "त्या दिवशी सकाळी साडेनऊला माझे पती वारले. तक्ता अकराला बंद होतो, म्हणून मी दवाखान्यातूनच 'आनंदी' भरले होते."