कोंडलेला श्वास

"आवाजात राग आहे, पण उसना," काचेपलीकडून संगीतकार म्हणाला.

कोरियात, सोलच्या एका स्टुडिओत दोह्यून सकाळपासून कधी न पाहिलेल्या अमेरिकन गल्ल्यांवर रॅप करत होता. शेवटी हातातला कागद बाजूला सारून तो आईबद्दल म्हणू लागला.

आई बेटावर समुद्रात बुडी मारून कालवं काढायची. पाण्याबाहेर डोकं काढताच ती शीळ घालत कोंडलेला श्वास सोडायची. ती शीळ ऐकली की किनाऱ्यावर बसलेल्या छोट्या दोह्यूनचा जीव भांड्यात पडायचा.

आज कडवं संपताना दम सरला आणि त्याच्याच ओठांतून तशी शीळ निघाली.

"एवढा श्वास काढून टाका," तो ओशाळून म्हणाला.

"तोच तर ठेवायचाय."

गाणं बाहेर आलं तेव्हा त्याने आईला फोनवर ऐकवलं. भराभर निघून गेलेले शब्द तिला कळलेच नाहीत. शीळ ऐकू आली तशी ती हळूच म्हणाली, "आलास बाबा वर."