मूळ गाव कुठलं?

“डब्यात काय आणता तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

मुलाखतीत टॅली झालं, जीएसटी झालं, आणि गाडी शेवटी डब्यावर आलीच. स्वप्नाली तयार होती.

“पोळी-भाजी. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.”

“अच्छा,” म्हणत मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं हे स्टीलच्या भांड्यांचं युनिट. दारावर पाटी, समिधा शहा. चपला बाहेर काढायच्या, आत कोपऱ्यात छोटा देव्हारा. पाटी वाचतानाच स्वप्नालीने मनात सगळी उत्तरं जुळवून घेतली होती. तिला त्याची सवयच झाली होती.

अशी सवय कुणाला हौसेने लागत नाही. पहिली नोकरी एका दवाखान्यात. तिथे तिचा डबा आधी वेगळ्या टेबलावर गेला आणि मग जिन्यात. तिने डबा नेणंच बंद केलं, तरी लोकांना वास येतच राहिला. तो डब्याला नव्हताच, ‘कोळीवाड्यातली’ या शब्दाला होता. दुसरीकडे शेठ म्हणाले, काउंटरला जरा उजळ मुलगी पाहिजे. तिसऱ्या ठिकाणाहून काढलं तेव्हा मात्र ती भडकली आणि कामगार कार्यालयात गेली. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. एक साहेब जांभई आवरत म्हणाले, “बाई, वासाचा पुरावा काय आणणार तुम्ही?” ती तक्रार अजून कुठल्यातरी कपाटात पडून असेल.

अन्यायाने माणूस जेवढं थकत नाही तेवढं भांडून थकतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात; स्वप्नाली आता पाणीसुद्धा फुंकून प्यायची. पाटील आडनाव बरं होतं, ते कुणालाही कुठलंही वाटतं. पत्ता तिने मैत्रिणीचा दिला होता, इंद्रलोकच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मिनलचा. आणि घरची बोली उंबऱ्याच्या आतच ठेवून ती बाहेर पडायची.

सकाळी आई, हौसाबाई, दारात गुडघे चोळत बसली होती. त्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाजारातली तिची जागा दुसऱ्याच कोळणीने धरली होती.

“आज तरी सांगशील का, कोनाची हायेस ती?” आईने विचारलं.

“न्हाय सांगनार, आये. सांगितला का लगेच घरी पाठवतात.”

“मंग आमची लाज वाटते का गो तुला?”

स्वप्नाली सँडल चढवून निघाली होती. लाज नव्हती वाटत, नोकरी हवी होती. ही हातची गेली तर आई त्याच गुडघ्यांनी पुन्हा टोपली उचलणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“घरी कोण कोण असतं?” मॅडम विचारत होत्या.

“मी आणि आई. आई गृहिणी आहे.”

जीभ जराही अडखळली नाही. त्याचंच तिला वाईट वाटलं.

“आणि मूळ गाव कुठलं?” मॅडम थोड्या पुढे झुकल्या. “इथल्याच का तुम्ही? जुन्या गावातल्या?”

“नाही हो, मॅडम. आम्ही दादरचे. इथे फ्लॅट परवडला म्हणून आलो. मूळचे सोलापूरकडचे.”

“मग कुलदैवत?”

जातच विचारायची तर सरळ विचारा की! हे काय मागच्या दाराने डोकावणं? संताप आला, पण पूर्वीसारखा तिने तो बाहेर पडू दिला नाही. कार्ल्याची एकवीरा ओठांवर आली होती. तिची मनोमन माफी मागून ती म्हणाली, “तुळजाभवानी.”

मॅडम स्वप्नालीच्या सावळ्या हातांकडे बघत राहिल्या. तोंडाला पावडर लावली तशी हातांनाही लावायला हवी होती, असं तिला वाटून गेलं.

“एक सांगते,” मॅडम म्हणाल्या. “खाली गेटपाशी मासळीवाल्या बसतात. इथपर्यंत वास येतो. चालेल तुम्हाला?”

आता पुढे नुसतं ‘चालेल’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नोकरी अगदी हाताशी आली होती, आणि माणूस अशाच वेळी जास्तीचं बोलून जातं.

“मला तर मळमळतं, मॅडम. त्या बायकांना कुणी उठवत कसं नाही?”

“अस्सं,” मॅडम म्हणाल्या. “कळवते मी.”

नमस्कार करून स्वप्नाली बाहेर आली. मागे दार नीट लागलं नाही. ती सँडलचे पट्टे लावायला खाली वाकली आणि तशीच बसून राहिली. आज एकही चूक झाली नव्हती. आजवर इतकं चोख खोटं ती कधी बोलली नव्हती. आईच्या तोंडावर थुंकून आल्यासारखं वाटत होतं, पण नोकरी मिळणार याची खात्रीही वाटत होती. संध्याकाळी आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

आतून कुणीतरी फोनवर बोलल्याचा आवाज आला. बोली अगदी घरची होती, म्हणून तिने चमकून वर पाहिलं. दाराच्या फटीतून दिसत होतं, आत मॅडमशिवाय कुणीच नव्हतं.

“न्हाय गो आये, आजपन न्हाय आली कोनी आपल्यातली. ही पोर कामाला हुशार हाय, पन तिला आपल्या बायांचा वास येतो. र‍्हाऊ दे, जागा रिकामी रायली तरी चालंल, पन शहांची सून झाली तरी मी ठेवीन तर कोल्याचीच पोर ठेवीन.”