मधली कळी

"मधली कळी खुड म्हणतायत अप्पा." वेंकटचा निरोप आला तेव्हा सरोजा गच्चीत सहा कुंड्यांपुढे उकिडवी बसली होती.

कुंड्या तिच्या थोरल्या भावाच्या, शेषगिरीच्या. झाडं जेमतेम गुडघाभर उंच, पण बहरली की एकेका फांदीला लाल गुलाबांचा घोसच लागे. मैलापूरच्या बाल्कनीत त्यानं ती आठ वर्षं पोटच्या पोरांसारखी वाढवली. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा त्यानं धापा टाकत स्वतः छाटणी केली आणि सगळी झाडं टेम्पोत घालून अंबत्तूरला बहिणीकडे धाडली. भाची कीर्तनाच्या लग्नात तिच्या केसांत मामाचीच फुलं हवीत, हा त्याचा हट्ट.

रोज सकाळी सरोजा फोटो काढून भाच्याला, वेंकटला पाठवी. तो ते बापाला दाखवी आणि मग हुकूम सुटत. पानांवर पाणी उडवू नको, काळे डाग पडतील. कुंडी भिंतीला टेकवू नको, वारा लागू दे. मरणाच्या दारात बसूनही माणसाचा जीव मुळांशी घुटमळत होता.

मधली कळी सगळ्यांत टपोरी असते. ती आधी उमलते आणि आधी झडते. ती काढली की मागच्या सगळ्या एकदम फुलतात. सरोजाच्या जिवावर आलं होतं, तरी तिनं नखानं एकेक खुडली. तो दिवस मंगळवार, लग्न रविवारी.

तिला एकच भीती होती. अण्णा रविवारपर्यंत टिकला नाही तर? सख्ख्या भावाचं सुतक लागलं की आईला मांडवात बसता येणार नाही. गेल्या वर्षी ठरलेला मुहूर्त मुलाची आजी गेली म्हणून मोडला होता. "पुन्हा काही विघ्न आलं तर देवाच्या मनात नाही असं समजू," असं मुलाच्या बापानं स्वच्छ सांगितलं होतं. कीर्तना पस्तिशीची. इतकी वर्षं नकार पचवलेली पोरगी आता कुठे आरशासमोर गुणगुणायला लागली होती.

"अण्णाला रविवारपर्यंत ठेव रे देवा," सरोजा देवापुढे म्हणे. त्यापुढचं मागायची तिला लाज वाटे.

गुरुवारी सकाळी फोटो गेला, पण उत्तर आलं नाही. नऊ वाजता सरोजानं सगळ्यांत लहान कुंडी कापडी पिशवीत घातली.

"हिकडं लग्नाची अस्की, सगळी कामं पडलीत, आणि तू कुठं चाललीस?" बालाजीरावांनी विचारलं. जवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला घरातल्या प्रत्येक हालचालीची नोंद लागे.

"मैलापूरला. अण्णाला एकदा डोळ्यांनी बघू दे झाड. रविवारी तो काय येतो?"

"वेंकटनं येऊ नको सांगितलंय ना?"

"पाच मिनिटं बसते नि येते."

दोनच्या सुमाराला ती परत आली. कुंडी पिशवीत तशीच होती. ती थेट न्हाणीघरात गेली आणि बऱ्याच वेळानं ओल्या केसांनी बाहेर आली.

"भेटला?"

"झोपला होता. उठवलं नाही."

"झाड परत का आणलंस?"

"त्याच्या खोलीत ऊन येत नाही. मरेल बिचारं."

"सेरि, बरं. वेंकटचा निरोप आलाय आत्ता. अप्पांनी फोटो बघितला, छान आहे म्हणाले."

"मग मी निघाल्यावर उठला असेल," सरोजा म्हणाली आणि पानं पुसायला बसली.

शुक्रवारी तिनं फोटो पाठवला. "छान," एवढंच उत्तर आलं. शनिवारी कळ्यांना लाल टोकं फुटली. "अण्णाला म्हणावं, उद्या सगळ्या उमलतील," तिनं लिहिलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "सांगतो अत्ते." अप्पांना एकटं सोडता येत नाही, म्हणून लग्नाला येणार नसल्याचंही त्यानं कळवलं.

रविवारी सगळे घोस एकदम फुलले. कीर्तनाच्या वेणीत गच्च लाल फुलं माळली होती. मामाच्या जागी लांबचा चुलतभाऊ सुब्बा उभा राहिला. कन्यादानाचं पाणी सोडताना सरोजाची नजर मुलीच्या वेणीवरून हलेना, आणि बायका म्हणाल्या, आईचं काळीज आहे. मुलगी सासरी गेली. सगळं निर्विघ्न पार पडलं.

सोमवारी दुपारी वेंकट आला. डोक्यावर टोपी. उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्यानं ती काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं.

बालाजीराव खुर्चीतून अर्धे उठले.

"अत्ते, अप्पा गेले," वेंकट म्हणाला. "गुरुवारी पहाटे. त्यांनीच बजावलं होतं, लग्न होईतो अत्तेला कळू द्यायचं नाही. ते निरोप मीच लिहीत होतो." तो पायरीवर बसला आणि ओंजळीत तोंड खुपसून रडू लागला. "तू अप्पांची एकुलती एक बहीण. तुला त्यांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. हे पाप कुठं फेडू?"

सरोजा त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून तिनं हळूच हात फिरवला.

"तुझं पाप नाही रे," ती म्हणाली. "अकरा वाजता अण्णाला बाहेर काढलंत, तेव्हा तुझ्या हातातलं मडकं सारखं हलत होतं. मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते."