निंबाखालचा तुकडा

दर्यापूरच्या शाकीबनं आपल्या मित्राला, देवानंदला अक्षरशः ओढत व्हिएतनामला आणलं होतं. पाठीवर बॅगा, या बसमधून त्या बसमध्ये. पण देवानंदचं नाक आठ दिवस खिडकीलाच, नजर बाहेरच्या शेतांवर.

"वावर विसरावं म्हणून तुले इथं आणलं, अन् तू इथंबी वावरच पाहून राहिला!" शाकीब वैतागला.

बस थांबली होती. देवानंदनं बाहेर बोट केलं. भाताच्या शेताच्या ऐन मधोमध एक कबर होती. एक बाई तिच्या कडेकडेनं रोपं लावत आली, डोक्यावरची टोपी कबरीवर ठेवली आणि तिलाच टेकून डबा उघडला.

बस सुटल्यावर देवानंदनं घरी फोन लावला.

"आई, बाबानं जीव देला त्या निंबाखालचा तुकडा चार वर्सं पडीत ठेवला ना आपण? यंदा तोबी पेरून टाकू. तिफन मी धरतो."