मोज्यांतले हात

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात कुंदाने नवे हातमोजे चढवले आणि तिची बोटं आपोआप काजू सोलू लागली. आजवरच्या सगळ्यांत चपळ बाईच्या हातांची हालचाल कंपनीने त्यांत जशीच्या तशी उतरवून ठेवली होती. ती बाई म्हणजे कुंदाची वारलेली आई.

करंगळी बाजूला काढायची तीच ढब! कुंदाचे डोळे भरून आले. लहानपणी ती इथेच आईला टेकून बसायची आणि टोपली भरली की आई एक काजूगर तिच्या तोंडात घालायची.

टोपली भरली. कुंदाने नकळत तोंड उघडलं. बोटं पुढच्या टोपलीकडे वळली.

"मुकादम, आई इथे थांबायची."

"ठाऊक आहे गो. तो वेळ फुकट जायचा, म्हणून कंपनीने तेवढं काढून टाकलंय."

कुंदाने तोंड मिटलं. आईचे हात चालूच राहिले.